आधीच छापून आलेला सप्ताह

खांडबारा,
शनिवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप जसोदाताईस,

धाकट्या अमृतचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे शरीरानं. तुझे गुडघे कसे आहेत? धडगावच्या थंडीत पहाटे उठून थंड पाण्यात हात घालू नकोस असं मी दर जानेवारीत लिहितो आणि तू दर जानेवारीत घालतेस, तेव्हा यंदा लिहीत नाही. भाऊजींचं लोणचं बंद केलंस ते खरंच बंद आहे, की बरणी फक्त वरच्या फळीवर गेली आहे? (दिवाळीत मी आलो होतो तेव्हा ते स्टूल घेऊन स्वयंपाकघरात कोळिष्टकं काढत नव्हते. हे मी तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो, कारण या पत्रात मला बरंच काही कबूल करायचं आहे आणि सुरुवात दुसऱ्याच्या गुन्ह्यापासून केली की जरा हात मोकळा होतो.) फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. ताई, फोनवर तू मध्येच गप्प होतेस. तुझं ते गप्प होणं मला चौथीपासून सहन होत नाही. पत्रात निदान मी एकटाच बोलतो.

तर आमच्या कन्याशाळेचा कला-क्रीडा सप्ताह काल पार पडला. तुला माहीतच आहे, शाळेत जे काम कोणाचंच नसतं ते चित्रकलेच्या शिक्षकाचं असतं. मंडपाच्या झालरी माझ्या, फळ्यावरचा सुविचार माझा, पाहुण्यांच्या खुर्चीवरचा टर्किश टॉवेल माझा, आणि गेली सव्वीस वर्षं पेपरला बातमी देणंही माझंच. आमचं तालुक्याचं साप्ताहिक शुक्रवारी सकाळी येतं आणि त्याचा मजकूर सोमवारी संध्याकाळी बंद होतो. वार्ताहर म्हणजे नथ्थू, स्टेशनजवळ त्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. आता तूच सांग, सोमवार ते शुक्रवार चालणाऱ्या सप्ताहाची बातमी त्याच शुक्रवारी यायची असेल तर ती कधी लिहावी लागेल? सोमवारीच ना? सगळेच तसं करतात. (नावं घेत नाही. पण तुमच्या शाळेच्या त्या शिबिराचा समारोप मागच्या वर्षी मी समारोपाच्या आदल्या दिवशी वाचला होता.) आमच्या मोठ्या बाई अनुसयाबाई यांचा तर हट्टच असतो की बातमी त्याच आठवड्यात आली पाहिजे. त्यामुळं "उत्साहात संपन्न झाला" हे शब्द मी आयुष्यात इतक्यांदा आधीच लिहिलेत की प्रत्यक्ष काय झालं ते बघायला मी कधी थांबत नाही.

यंदा सोमवारी मी शिडीवर होतो, तोंडात खिळे होते, आणि नथ्थूचा फोन. "सर, लवकर धाडा, मन्हाकडे टाइम नही शे." मी शिडीवरूनच मोबाइलमध्ये मागच्या वर्षीची बातमी काढली, तारीख बदलली, पाहुण्यांचं नाव बदललं आणि दिली पाठवून. तीन किलोमीटर धावण्यात पहिली म्हणून माहेनूरचं नाव होतं ते तसंच ठेवलं. पेटीवाले शौकतभाई, ज्यांच्याकडून तू पत्र्याची ट्रंक नेली होतीस, त्यांची ही मुलगी. दहावीत आहे. सलग तीन वर्षं तीच पहिली येत होती. शंका घ्यायला जागाच नव्हती.

रात्री जेवताना घास हातात राहिला. मागच्या वर्षी सप्ताह ऑगस्टमध्ये होता! म्हणजे माझ्या बातमीत मुली "पावसाची तमा न बाळगता" प्रभात फेरीला निघाल्या होत्या आणि शाळेच्या आवारात एक्कावन्न रोपं लावून मोकळ्या झाल्या होत्या. मंगळवारी सकाळी मी बाईंच्या पुढं जाऊन उभा राहिलो. वाटलं, आता पेपरला फोन करतील. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, सर, बातमी गेली ना, मग रोपं लावावी लागतील. जानेवारीतली ती जमीन! कुदळ मारली की कुदळच उडून अंगावर येई. दोन तासांत तेरा खड्डे झाले, तेही एवढे की त्यात तांब्या बुडणार नाही. रोपं कुठून आणायची? रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, जूनमध्ये या. शेवटी सगळ्या शिक्षिकांच्या घरच्या तुळशी आणि कोरफडी कुंड्यांसकट खड्ड्यात बसवल्या, फोटो काढला, आणि शाळा सुटायच्या आत ज्याची त्याची कुंडी ज्याच्या त्याच्या घरी गेली. (आमच्या तुळशीची एक फांदी मोडली. तुझी वहिनी अजून माझ्याशी मोजकं बोलते आहे.) पावसाचं मात्र बाईंनाही जमलं नाही. बुधवारच्या पाककलेत बातमीनं पहिला नंबर अळूवड्यांना दिलेला होता, तेव्हा बाईंनी आठवीच्या एका मुलीला खास अळू शोधायला धाडलं. तिला मिळालं नाही. तिच्या पालकाच्या वड्यांनाच अळूवड्या म्हणून बक्षीस दिलं. ती पोरगी मला विचारते, सर, आईला घरी काय सांगू? मी म्हणालो, अळूवड्याच सांग. तेव्हा मी हसलो होतो, ताई. आज हसू येत नाही.

पण खरा घोळ मंगळवारीच झाला होता. दुपारी सायकल फेरी निघाली. माहेनूर सगळ्यांच्या पुढं. पुढं असणाऱ्याला मागं कोण आहे ते बघायची सवय असते, तशी तिनं रेल्वे फाटकाच्या वळणावर मान मागं वळवली आणि कापसानं भरलेल्या ट्रॉलीवर जाऊन आपटली. कापूस होता म्हणून डोकं वाचलं, पाऊल मात्र ट्रॉलीच्या चाकाशी अडकलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. दवाखान्यात शौकतभाई तिच्या उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होते, जानेवारीत. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या पाठोपाठ मला बातमी आठवली. तसाच नथ्थूकडे गेलो. तो एका म्हातारीचा फोन दुरुस्त करत होता, मान वर न करता म्हणाला, "आते काय व्हस सर? पानं गयी छापखानामा. मन्हा हातमा काय शे?" संपादकांना फोन कर म्हणालो, तर म्हणे, ते विचारतील शुक्रवारची शर्यत सोमवारी कशी पळाली, तर काय सांगू? एक दिवस होता हातात, मी स्वतः नंदुरबारला छापखान्यात जाऊ शकलो असतो. पाऊण तासाची तर गाडी. गेलो नाही. झालर लावायची राहिली होती म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

आता तुझ्या दिपालीकडं येतो. इतका वेळ मी तिच्या भोवतीनंच फिरतो आहे हे तू ओळखलं असशीलच. चौथीपर्यंत तुझ्या शाळेत तू शिकवलंस, पाचवीला माझ्याकडं धाडलंस, वसतिगृहात ठेवलंस, आणि जीप निघताना माझा हात धरून म्हणालीस, अमृत, हिच्याकडं लक्ष दे. पोर आता नववीत आहे. मी काय लक्ष दिलं? ती आकाश हिरवं रंगवते म्हणून सहामाहीला चार मार्क कापले. पळते हे मला माहीतच नव्हतं, कारण ती सुरुवातीला मागं असते आणि शेवट बघायला मी कधी उभा राहत नाही. लक्ष दिलं ते माहेनूरनं. बुधवारपासून ती प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून मैदानाच्या कडेला बसायची, तोंडात शिट्टी, आणि दिपालीला पळवायची. आपले बूटही तिनं देऊन टाकले. एक नंबर मोठे होते, पुढं फडकं कोंबलं.

शुक्रवारी सकाळी शर्यत. शाळेपासून नाल्याच्या पुलाला वळसा घालून परत. आमचा अंदाज होता की पहिली मुलगी यायला वेळ लागेल, म्हणून शेवटची फीत धरणारे दोघंही, म्हणजे मी आणि शिपाई, चहा घेत होतो. आरडाओरडा ऐकून कप हातात घेऊनच पळालो तर दिपाली येऊन, थांबून, वाकून बुटाची नाडी बांधत होती! दुसरी मुलगी अजून फाटकापाशी दिसत होती. फीत खुंटाला तशीच गुंडाळलेली. माहेनूर एका पायावर उभी राहून रडत होती आणि हसत होती. आणि मैदानाच्या कोपऱ्यात, डोक्याला फेटा आणि खांद्यावर नवा टॉवेल टाकून, रेवजीभाऊ उभे होते. दिपालीचे वडील. लेक पळणार म्हणून आदल्या दिवशी निघून, तळोद्याला पाहुण्यांकडे मुक्काम करून, दोन जीपा आणि एक एसटी बदलून आले होते. टाळ्या वाजवत नव्हते. नुसते उभे होते, आणि कोणी त्यांच्याकडं पाहिलं की म्हणत, माझी आहे.

बक्षीस समारंभाला संस्थेचे संचालक दगा आप्पा अध्यक्ष. आप्पा भाषण करायला उठले तेवढ्यात नथ्थू ताज्या पेपरांचा गठ्ठा घेऊन आला आणि पहिली प्रत त्यांच्याच हातात दिली. आप्पांनी भाषण तयार केलं नव्हतं. पेपरात मात्र ते छापून आलेलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि आपलंच भाषण वाचायला सुरुवात केली, ते थेट "असे प्रतिपादन दगा आप्पा यांनी केले" इथपर्यंत. कडाडून टाळ्या पडल्या. आप्पा पुढंही वाचत गेले. पावसाची तमा वाचली, एक्कावन्न रोपं वाचली, आणि मग "धावण्याच्या स्पर्धेत माहेनूर शौकत हिने प्रथम क्रमांक पटकावला" हेही वाचलं. पहिल्या रांगेत माहेनूर प्लास्टर पुढं करून बसली होती. आधी कोणीतरी एक जण हसलं. मग सगळं मैदान हसलं. ती हसली नाही. शौकतभाई शांत माणूस, पण माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, पाँव प्लास्टर में और बेटी पेपर में पहली. अब मैं लोगों को क्या बताऊँ?" मी त्यांना खुर्ची दिली. दुसरं काय देणार?

प्रमाणपत्र मात्र मी बरोबर लिहिलं होतं, ताई. गुरुवारी रात्री नाव कोरं ठेवलं होतं, शर्यत झाल्यावर माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात "दिपाली रेवजी पावरा" लिहिलं, खाली वेलबुट्टी काढली. तिनं ते घेतलं, वडिलांना दिलं, वडिलांनी टॉवेलात गुंडाळलं. मग ते नथ्थूकडं गेले. आप्पांनी शर्यतीचं काहीतरी वाचलं आणि लोक हसले एवढं त्यांना कळलं होतं, मराठी भाषणातलं त्यांना जास्त कळत नाही. त्यांनी नथ्थूकडून सहा पेपर घेतले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून माझ्यापुढं एक उघडून धरला. "सर, तू दाखव ना, पोरीचं नाव कुठं लिहिलंय." (त्यांच्या बोलीत अहोजाहो नाही. सव्वीस वर्षांत मला इतक्या विश्वासानं कोणी "तू" म्हटलं नव्हतं.) मी म्हणालो, प्रमाणपत्र आहे ना भाऊ, ते महत्त्वाचं. ते म्हणाले, हातानं लिहिलेलं कोणीही लिहितं, सर. छापलेलं खोटं नसतं. मग सांगायला लागले. त्यांच्या पाड्यात आजवर कोणाचं नाव छापून आलं तर ते रेशनच्या यादीत. भाऊबंद म्हणतात, पोरगी एवढ्या लांब ठेवून काय मिळालं. आता बाजाराच्या दिवशी हा पेपर सगळ्यांपुढं जसोदाबाईंकडून मोठ्यानं वाचून घेणार, आणि मग धाकट्या पोरीलाही याच शाळेत पाठवणार. भावांनी कबूल केलंय, पेपरात नाव असेल तर धाडू.

ताई, त्या वेळी मी सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं, भाऊ, चूक झाली, माझी झाली. बाई माझ्याकडं बघत होत्या, आप्पा बघत होते, रेवजीभाऊंचा चेहरा समोर होता. मी बोट उचललं आणि माहेनूरच्या नावावर ठेवलं. म्हणालो, हे बघा, इथं. त्यांनी नथ्थूचा लाल पेन मागून घेतला आणि मी दाखवलेल्या ओळीखाली स्वतः रेघ मारली. सहाही पेपरांत. मी प्रत्येकात बोट ठेवून दाखवलं. सहा वेळा, ताई! पहिल्या वेळी गोंधळलो म्हण. उरलेल्या पाच वेळांचं काय?

असो. बाकी सर्व क्षेम. घरची केळी यंदा चांगली आहेत, आईच्या नावानं एक घड तुझ्याकडं पाठवायचा राहिला आहे. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
अमृत

ता. क. : लिहायचं होतं ते राहिलंच. बाजाराच्या दिवशी रेवजीभाऊ पेपर घेऊन तुझ्याकडं येतील. लाल रेघेवर जे नाव छापलंय ते न वाचता तू दिपालीचं नाव वाचावंस, एवढीच विनंती आहे. तुझ्या वाचण्यावर तिथं कोणी शंका घेणार नाही. खोटं आहे, पण आतून खरंच आहे ना? पोर पहिली आलीच आहे. सहा वेळा मी बोट ठेवलंय, तू एकदा वाच.

ता. क. दुसरा : वर एक गोष्ट गाळली. मी बोट ठेवत होतो तेव्हा दिपाली तिथंच होती, वडिलांच्या कोपराशी. नववीतली पोर, तूच वाचायला शिकवलेली. तिनं ओळ पाहिली, माझं बोट पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. रेवजीभाऊ म्हणाले, वाच पोरी. आणि तिनं वाचलं. "धावण्याच्या स्पर्धेत दिपाली रेवजी पावरा हिने प्रथम क्रमांक पटकावला." न अडखळता, पेपरावरच नजर ठेवून. मला वाचवायला वाचलं तिनं. बापाला आनंद झाला, मी घाम पुसला, आणि ती बूट परत करायला माहेनूरकडं निघून गेली.

ता. क. तिसरा (रविवार, सकाळी) : पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, परत काढलं. वरची विनंती रद्द समज. वसतिगृहातून दिपाली आत्ता येऊन गेली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, सर, माझ्या धाकट्या बहिणीला वाचता येतं, सुट्टीत मी शिकवलंय, ती पेपर वाचणारच. मी म्हणालो, बाळ, मी जसोदाताईंना लिहितो आहे, त्या सांभाळून घेतील. ती म्हणाली, "बाईंना खोटं वाचायला सांगू नका, सर. मी बाबाला आयुष्यात एकदाच खोटं वाचून दाखवलं, ते तुमच्यासाठी. आता बाबाला तुम्ही सांगा."

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मीच घेऊन निघालो आहे, पहिल्या जीपनं. तुझ्या हातात देऊन मी बाहेर ओट्यावर बसेन, तू शेवटपर्यंत वाच. घाटात मला उलटी झालेली असेल, तेव्हा आधी तांब्याभर पाणी दे आणि मग काय बोलायचं ते बोल. पायात चप्पल घालूनच बाहेर ये. रेवजीभाऊंच्या पाड्याची वाट मला माहीत नाही.